सूर्य पश्चिमेला उगवणारी गोष्ट

मोठ्या कुटुंबांत जशीं कामें वांटलेलीं असतात तशी माहितीहि वांटलेली असते. आमच्या घरांत एकादशी केव्हां आहे हें थोरल्या वहिनींना विचारावें, प्राप्तिकराचा अर्ज कसा भरावा हें मधल्या बंधूंना विचारावें, आणि फोन बिघडला तर धाकट्या पुतण्याकडे जावें, असा अलिखित संकेत आहे. माझ्याकडे जें खातें आलें तें या सर्वांत निरुपयोगी. उडते गालिचे, चेटकिणी, चंद्रावरच्या स्वाऱ्या, परग्रहांवरचे लोक, भविष्यकाळांत जाऊन परत येणारे प्रवासी यांपैकीं कोणासंबंधींहि प्रश्न निघाला कीं तो फिरत फिरत माझ्या खोलीच्या दाराशीं येतो. ‘काकांना विचारा’ एवढें म्हटलें कीं सर्वांचें कर्तव्य संपतें.

हें खातें मीं मागून घेतलें नाहीं. शाळेच्या कपाटांत भा. रा. भागवतांनीं मराठींत आणलेल्या जूल व्हर्नच्या कथा होत्या. त्या वाचून संपल्या तेव्हां मी नारायण धारपांकडे वळलों, आणि तेथून जो रस्ता लागला तो अजून संपलेला नाहीं. वडिलांना हा छंद पसंत नव्हता. वाचन म्हणजे चरित्र, इतिहास किंवा निबंध, अशी त्यांची व्याख्या. अपवाद एकच : ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. त्या मराठींत आणण्यास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं हात घातला होता, आणि शास्त्रीबोवांचा हात लागल्यामुळें दिव्यांतला राक्षसहि आमच्या घरांत सोंवळ्यांत आला. वस्तुतः व्हर्नचें सोंवळेंपणहि कांहीं कमी जुनें नव्हतें. कोचीनहून निघणाऱ्या ‘केरळ कोकिळ’ मासिकांत १९०० च्या सुमारास त्याची चंद्राची सफर मराठी घराघरांतून वाचली जात होती. पण हें मला फार उशिरां कळलें, आणि तोंवर वडिलांना ऐकवण्याची संधि निघून गेली होती.

माझ्याकडे येणारे प्रश्न दोन जातींचे असतात. ‘मी आतां काय वाचूं?’ ही एक जात आणि ‘ती गोष्ट कोणती?’ ही दुसरी. दुसऱ्या जातींत गंमत अधिक. विचारणाऱ्याला पुस्तकाचें नांव आठवत नाहीं, लेखक आठवत नाहीं, पुष्कळदां कथानकहि आठवत नाहीं. आठवतो तो एखादा रंग, एखादें बंद दार, एखादी भीति. त्या धाग्यावरून मला सबंध लुगडें विणून द्यावयाचें असतें.

पुतण्याचें लग्न झालें त्या वर्षीं, गणपति बसले त्या दिवशीं, नव्या सूनबाई मखरासमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, “काका, एका गोष्टींत गणपतीची सोंड एकीकडची दुसरीकडे जाते. लहानपणीं वाचली होती. ती कोणाची?” हा प्रश्न माझ्या दृष्टीनें हलवायाच्या दुकानांत पेढा मागण्यासारखा होता. जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपति’! मीं तेथेंच कागदाची एक पट्टी घेतली, तिला एक अर्धा पीळ देऊन टोकें चिकटवलीं, आणि या पट्टीला एकच बाजू कशी राहते, तिच्यावरून सबंध फेरी करून आलेल्या सपाट आकृतीचें उजवें डावें कसें होतें, हें घरच्या मुलांना करून दाखवलें. आरती अर्धा तास लांबली. पण सूनबाईंना आपल्या माहेरची एक वस्तु सासरीं सांपडल्यासारखें झालें, आणि माझी कीर्ति वाढली. त्या ओघांत मीं हेंहि सांगून घेतलें कीं, नारळीकरांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठविली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नांवानें. स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून. आणि अक्षर कोणीं ओळखूं नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. बक्षीस मिळालें तें जगतापांना. नारळीकर २०२५ सालीं गेले तेव्हां सूनबाईंनीं ती वाळलेली कागदाची पट्टी आपल्या पेटींतून काढून मला दाखविली.

सारींच उत्तरें अशीं साजरीं झालीं नाहींत. एका पुतणीनें विचारलें, “एका मुलीला वर्गांतलीं मुलें कपाटांत कोंडतात आणि नेमकें तेव्हांच बाहेर ऊन पडतें, ती कोणती?” तीहि मीं तत्काळ सांगितली. रे ब्रॅडबरीची १९५४ सालची गोष्ट. शुक्रावर अखंड पाऊस, आणि सात वर्षांतून एकदां दोन तास सूर्यदर्शन. शिवाय माझ्या संवयीप्रमाणें पुढचीहि माहिती दिली, कीं लेखकाच्या काळीं शुक्रावर पाऊस कल्पितां येत होता, पण पुढें यानें गेलीं आणि तेथें शिसें वितळेल एवढी उष्णता आढळली. पुतणी “बरं” म्हणाली आणि गेली. इतक्या वर्षांनीं ती कोंडलेली मुलगी तिला कां आठवली, हें मीं विचारलें नाहीं. ती मुलगी कोणत्या शाळेंतली होती, आणि दाराच्या आंत आमची पुतणी होती कीं बाहेर, हें मला अजून ठाऊक नाहीं.

पहिल्या जातीच्या प्रश्नाला तर मी आरंभीं याद्या देत असें. मेरी शेलीचें ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ चें म्हणून तें आधीं, मग व्हर्न, मग वेल्स, मग असिमॉव्ह. श्राद्धाच्या पानावर जसे पदार्थ ठरल्या जागींच वाढावयाचे तसा हा क्रम. एका भाच्यानें या क्रमानें वाचावयास घेतलें आणि व्हर्नच्या पाणबुडींतून दिसणाऱ्या माशांच्या नामावळींत तो जो बुडाला तो पुन्हां वर आलाच नाहीं. दोष भाच्याचा नव्हे. व्हर्न चंद्रावर माणसें पाठवितो तीं तोफेंतून; तोफ किती लांब, दारू किती, हिशेब चोख. वेल्स १९०१ सालीं पाठवितो तो गुरुत्वाकर्षण अडविणारा एक काल्पनिक पदार्थ शोधून, आणि हिशेबाच्या भानगडींत पडत नाहीं. या स्वैरपणाबद्दल वृद्ध व्हर्ननें नापसंतीहि दाखविली होती. आमच्या घरांत या दोघांचे वंशज एकाच पंक्तीला जेवतात. यंत्रविद्या शिकलेल्या पुतण्याला जें घडूं शकेल तेंच हवें असतें. त्याच्या बहिणीला ड्रॅगन उडतांना त्याच्या पंखांचें क्षेत्रफळ मोजलेलें खपत नाहीं. दोघांना एकच यादी देणारा मनुष्य ग्रंथपाल होऊं शकेल, वैद्य होऊं शकणार नाहीं.

आणखी एक तिसरा पक्ष आहे तो आमच्या आत्याबाईंचा. “हें सारें आपल्या पुराणांत आहे,” असें त्या पान वाढतां वाढतां जाहीर करतात. या वादांत मी सहसा पडत नाहीं. पुराणांतल्या विमानाला इंजिन बसवूं गेलें कीं पुराणहि बिघडतें आणि विमानहि उडत नाहीं, असें माझें मत आहे. पण रैवत ककुद्मीची कथा काढली तर मात्र मी पाट पुढें ओढून बसतों. मुलीला वर कोणता करावा हें विचारावयास राजा तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला. आणि ब्रह्मदेवानें हंसून सांगितलें कीं तुझ्या मनांतले सारे वर, त्यांचे पुत्र, नातू, कोणी उरले नाहींत, खालीं सत्तावीस चतुर्युगें उलटलीं. जलद प्रवास करणाऱ्याचा काळ सावकाश जातो हा सिद्धांत १९०५ सालचा. ककुद्मीला त्याची गरज नव्हती. परत येऊन ओळखीचें कोणी न दिसणें, एवढेंच त्या गोष्टींत आहे आणि तेवढें पुरें आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें लिहावयास बसलों ती सांगतों.

थोरल्या वहिनी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या, पण माझ्या कपाटाकडे त्या कधीं फिरकल्या नव्हत्या. तीन वर्षांपूर्वीं एका दुपारीं त्या दाराशीं आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, तुमच्या त्या पुस्तकांपैकीं एखादें मला द्या. रात्रीं जाग येते.” मला अत्यानंद झाला. इतक्या वर्षांनीं एक थोर वाचक आमच्या पंथांत येत आहे, तर तिला उत्तमांतलें उत्तमच दिलें पाहिजे, असा विचार करून मीं डॅनिएल कीजचें ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ त्यांच्या हातीं ठेवलें. १९५९ सालीं कथा म्हणून आलेलें आणि १९६६ सालीं कादंबरी झालेलें तें पुस्तक आहे. एका मंदबुद्धि तरुणावर शस्त्रक्रिया होते. त्यापूर्वीं ती अल्जरनॉन नांवाच्या उंदरावर झालेली असते. तरुण विद्वान होतो, आपल्या डॉक्टरांच्याहि पुढें जातो. मग उंदीर विसरूं लागतो, आणि आपलेंहि असेंच होणार हें त्या तरुणाला कळतें. सारें त्याच्याच टिपणांतून सांगितलेलें. आरंभीं अशुद्ध, मधें पांडित्यानें भरलेलें, आणि अखेरीस पुन्हां तेच मोडके शब्द. “हिच्याएवढी गोष्ट आमच्यांत दुसरी नाहीं,” असें मीं वहिनींना सांगितलें. पंचाईत एवढीच कीं, रात्रीं जाग कां येते हें मीं विचारलें नाहीं.

चौथ्या दिवशीं पुस्तक वर्तमानपत्रांत गुंडाळून माझ्या टेबलावर आलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. मला वाटलें, आवडलें नसावें.

महिन्यानें घरांत सर्वांना कळलें तें असें : आमचे दादा वर्षभर विसरत होते. आम्ही त्याला वय म्हणत होतों. छत्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलेला मनुष्य दूधवाल्याचा हिशेब तीनदां करतो आणि तीनदां चुकतो, हें वहिनींनीं एकट्यांनीं पाहिलें होतें, एकट्यांनींच दादांना डॉक्टरांकडे नेलें होतें, आणि डॉक्टरांनीं पुढें काय काय होईल तें सांगितलें होतें. त्यानंतर दोन दिवसांनीं त्या माझ्या दाराशीं आल्या होत्या. आणि मीं त्यांच्या हातीं तें पुस्तक दिलें होतें.

पुष्कळ दिवसांनीं मीं धीर करून तो विषय काढला. वहिनी भाजी निवडत होत्या. “गोष्ट चांगली आहे, भावजी,” त्या म्हणाल्या, “पण तिच्यांत शेवटीं त्याच्याजवळ कोणी नाहीं.” मीं तें पुस्तक चार वेळां वाचलें आहे. हें माझ्या लक्षांत आलें नव्हतें.

गेल्या पावसाळ्यापासून दादांचें नवीनच सुरू झालें. दुपारची झोंप होऊन साडेपांचाच्या सुमारास ते उठत. आमचा मागचा सोपा पश्चिमेकडे आहे; तेथून तिरपें ऊन भिंतीवर आलेलें असे. तें पाहून ते घाईनें उठून बसत आणि म्हणत, “आज सूर्य पश्चिमेला उगवला. आतां थंडी पडेल. मुलाला घेऊन गुहेंत चला.” आधीं आम्हीं लक्ष दिलें नाहीं. पण हें रोज होऊं लागलें, आणि त्यांची तगमग पाहवेना. संध्याकाळीं असा भ्रम वाढणें या आजारांत नेहमीचें आहे, असें डॉक्टर म्हणाले, आणि तें खरेंहि आहे.

पंधरा दिवसांनीं वहिनी माझ्याकडे आल्या. “भावजी, सूर्य पश्चिमेला उगवतो अशी एखादी गोष्ट आहे का? रोज शब्द तेच असतात. भ्रमाचे शब्द रोज तेच कसे असतील?”

प्रश्न माझ्या खात्यांतला होता, आणि मनुष्याचा स्वभाव लवकर जात नाहीं. शुक्र स्वतःभोंवतीं उलटा फिरतो म्हणून तेथें सूर्य खरोखरच पश्चिमेला उगवतो, येथून मीं सुरुवात केली. तेथला एक दिवस आपल्या सुमारें ११७ दिवसांचा, हेंहि सांगितलें. असिमॉव्हची १९४१ सालची ‘नाइटफॉल’ काढली. तिच्यांत सहा सूर्य आहेत आणि दोन हजार एकूणपन्नास वर्षांतून एकदां रात्र होते. संध्याकाळपर्यंत तीन गोष्टींचीं नांवें कागदावर लिहून वहिनींना नेऊन दिलीं. त्यांनीं तीं वाचलीं आणि विचारलें, “यांत गुहा कोठें आहे? आणि मुलगा?” गुहा नव्हती. मुलगाहि नव्हता.

उत्तर आलें तें कॅनडाहून. पुतण्या दर रविवारीं फोन करतो. वहिनींनीं बोलतां बोलतां त्याला हें सांगितलें, आणि त्यांचें वाक्य पुरें होण्याच्या आधींच तो ओरडला, “शेंडेनक्षत्राची गोष्ट! बाबा मला सांगायचे ती! दिवे गेले कीं हटकून. आम्ही दोघे डोक्यावरून पांघरूण घ्यायचों, ती गुहा!”

हें सारें पलीकडच्या खोलींत घडत होतें तेव्हां वहिनी स्वयंपाकघरांत होत्या, आणि मी याच घरांत, भिंतीच्या अलीकडे, कंदील लावून दुसऱ्यांच्या गोष्टी वाचीत बसलेला असें. दादा अद्भुतकथा सांगत असतील ही शंकाहि मला कधीं आली नाहीं.

गोष्ट व्हर्नचीच. ‘हेक्टर सर्व्हाडॅक’, १८७७ सालची. एक धूमकेतु पृथ्वीला घांसून जातो आणि भूमध्यसमुद्राच्या कांठचे कांहीं तुकडे, त्यांवरच्या माणसांसकट, उचलून नेतो. त्या माणसांना आधीं कांहींच कळत नाहीं. वजन हलकें झालेलें असतें, उडी मारली तर माणूस घरावरून जाईल, आणि सूर्य पश्चिमेला उगवून सहा तासांत पूर्वेला मावळतो. मग धूमकेतु सूर्यापासून दूर जाऊं लागतो, समुद्र गोठतो, आणि सारे जण एका ज्वालामुखीच्या पोटांतल्या गुहांमध्यें, वाहत्या लाव्ह्याच्या उबेला, तो लांबलचक हिंवाळा काढतात. त्यांच्यांत एक तिरसट खगोलशास्त्रज्ञ आहे, नायकाचा जुना शिक्षक. बाकी सारे घरीं कसे जाऊं या विवंचनेंत असतात. मास्तरांना मात्र आपल्या धूमकेतूवरून उतरावयाचेंच नसतें. म्हणजे दादांच्या त्या तीन वाक्यांत भ्रमाचा अंश फार थोडा होता. साडेपांच वाजतां ते चाळीस वर्षांमागें जात होते, एवढेंच. आणि तेथें जें करावयास हवें तें बरोबर सांगत होते.

पुस्तक माळ्यावर सांपडलें. इंग्रजी भाषांतर, पुठ्ठा गेलेला, वाळवीनें एक कोपरा खाल्लेला. वहिनींनीं तें उन्हांत ठेवलें, दोऱ्यानें शिवलें, आणि हल्लीं साडेपांचाला त्या दादांच्या खाटेजवळ बसून त्यांतलें एकेक प्रकरण पाहतात आणि मराठींत सांगतात. सोप्याच्या खिडकीवर चादर लावलेली असते. रविवारीं फोन टेबलावर उभा केलेला असतो आणि तिकडून पुतण्या मधेंच म्हणतो, “आई, येथें बाबा असें सांगत नसत, येथें बोकड होता.” मीं मूळ पुस्तक पाहिलें. बोकडाबद्दल खात्री करून घ्यावी असा मोह मला झाला होता, पण तोंड मिटून घेतलें.

दादांची तगमग गेली असें मी म्हणणार नाहीं. कांहीं दिवशीं ते वहिनींनाहि ओळखत नाहींत. पण गोष्ट चालूं असली कीं बसून राहतात आणि मधून मधून एकच विचारतात, “ते परत येतात ना?” “येतात,” वहिनी सांगतात. खरोखरच येतात. दोन वर्षांनीं धूमकेतु पुन्हां पृथ्वीपाशीं येतो तेव्हां ते फुग्यांत बसून उतरतात.

गेल्या आठवड्यांत त्या ज्या प्रकरणापर्यंत आल्या तेथें समासांत शिसपेनीचें बारीक अक्षर आहे. व्हर्ननें या धूमकेतूची फेरी दोन वर्षांची सांगितली आहे आणि तरी त्याला गुरूच्या जवळून नेलें आहे. दादांनीं कधींतरी केप्लरचा नियम लावून हिशेब केला होता : दोन वर्षांत फेरी पुरी करणारा गोल सूर्यापासून, पृथ्वीच्या अंतराच्या सव्वातीनपटीपलीकडे जाऊंच शकत नाहीं, गुरु पांचपटींहून दूर. खालीं दोन रेघा ओढून लिहिलें होतें : ‘चूक. मुलाला सांगूं नये.’

वहिनींनीं तें पान त्यांच्यापुढें धरलें. दादांनीं एकेका आंकड्यावरून बोट फिरविलें. पहिल्या ओळीपासून शेवटच्या रेघेपर्यंत, सावकाश.

“हें कोणीं केलें आहे?” त्यांनीं विचारलें.

“तुम्हीं,” वहिनी म्हणाल्या.

ते बराच वेळ पानाकडे पाहत राहिले. “बरोबर आहे,” म्हणाले. “पुढें सांग.”